हातमागावरची पैठणी आणि पारंपरिक हस्तकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठणी विकत घेऊ पाहणारे ग्राहक, माग शिकण्याची इच्छा असलेले तरुण आणि कपाटातली आजीची साडी कशी जपावी या विवंचनेत असलेल्या गृहिणी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरण मुख्यतः पैठणीचे घेतले आहे. जेथे तेवढ्याने भागत नाही तेथे कोल्हापुरी चप्पल, मिरजेची तंतुवाद्ये, सावंतवाडीचा गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते आणि घोंगडी यांचा आधार घेतला आहे.

हाताने केलेली प्रत्येक वस्तू हस्तकलेत मोडते का?

मोडत नाही. कारखान्यात शर्टाला बटणे लावणारा कामगारही हातानेच काम करतो, परंतु बटण कोठे आणि कसे लावायचे हे त्याच्यासाठी आधीच ठरलेले असते. पैठणीचा विणकर पदरावरचा मोर विणताना प्रत्येक ओळीला कोणता रंग किती उभ्या धाग्यांवरून न्यायचा, तो कोठे थांबवायचा, शेजारच्या रंगाशी त्याची गुंफण कशी करायची आणि फणी किती जोराने ठोकायची हे मागावर बसल्या बसल्या ठरवतो. काम चुकण्याची शक्यता अखेरच्या ओळीपर्यंत कायम असते आणि ती टाळण्याची सगळी जबाबदारी त्याच्या डोळ्यांवर व बोटांवर असते. हा निर्णय हातात असणे, तो एका माणसाने दुसऱ्याला शेजारी बसवून शिकवलेला असणे आणि तयार वस्तूला समाजात काही वापर असणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तिला पारंपरिक हस्तकला म्हणता येईल. निव्वळ जुनेपणा हा निकष मी मानत नाही.

मागाला जकार्ड लावले, तर ती साडी हातमागाचीच राहते का?

कायद्याच्या दृष्टीने राहते. हातमागासाठी वस्त्रे राखून ठेवणाऱ्या १९८५ च्या कायद्यात यंत्रमाग नसलेला कोणताही माग म्हणजे हातमाग, अशी व्याख्या आहे. जकार्डमध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून उभे कोणते धागे उचलायचे ते ठरते, आणि पायाखालची पावडी दाबण्याचे व आडवा धागा नेणारा धोटा फेकण्याचे काम माणूसच करतो. म्हणजे श्रम हाताचेच असतात, नक्षीचा निर्णय मात्र पुठ्ठ्याकडे गेलेला असतो.

येवल्यात आज तिन्ही प्रकार दिसतात: नक्षी पूर्णपणे हाताने गुंफलेली साडी, जकार्ड लावलेल्या हातमागावरची साडी आणि यंत्रमागावर निघालेली, बाजारात ‘सेमी पैठणी’ या नावाने खपणारी साडी. जकार्डमुळे साडी लवकर होते, विणकराला महिन्याला अधिक साड्या विणता येतात आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला ती परवडते, म्हणून तिला कमी लेखण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो एका प्रकाराची साडी दुसऱ्या प्रकाराच्या भावाने विकण्याला.

पैठणी खरोखर दोन हजार वर्षांपूर्वीची आहे का?

हे विधान जाहिरातींत इतके रूढ झाले आहे की त्यावर थोडे थांबावे लागते. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, हे खरे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा आणि तगर म्हणजे आजच्या तेरचा उल्लेख आहे, हेही खरे आहे. परंतु त्या नोंदीत पैठणहून भडोचच्या बंदराकडे जाणारा माल म्हणून मौल्यवान दगड सांगितले आहेत आणि कापड व मलमल यांचे श्रेय तगरला दिले आहे. त्यामुळे या भागात वस्त्रव्यापाराची परंपरा फार जुनी आहे एवढेच त्यावरून सिद्ध होते. आजची नारळी काठाची, मोराच्या पदराची साडी तेव्हा होती असे त्यातून निघत नाही.

पेशवाईत मात्र पैठणच्या वस्त्रांना मोठा आश्रय मिळाला. येवल्याची कथा वेगळी आहे. रघोजी नाईक यांनी सतराव्या शतकात येवला वसवले आणि विणकरांना तेथे आणून स्थायिक केले, असे सांगितले जाते. आज पैठणीचे बहुसंख्य माग पैठणला नसून नाशिक जिल्ह्यातील या येवल्यात आहेत, याचे अनेक ग्राहकांना आश्चर्य वाटते. तीनचारशे वर्षांची जिवंत परंपरा ही काही लहान गोष्ट नव्हे. तिला आणखी सोळाशे वर्षे जोडून तिचा मान वाढत नाही.

हाताने विणलेली पैठणी कशी ओळखावी?

सर्वप्रथम साडी उलटी करावी. पैठणीची नक्षी ही कापडावर वरून भरलेली नसते, तर प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या जागेपुरताच जाऊन परत फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंततो. प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते, तिला विणकर तिल्ली म्हणतात, आणि भरगच्च पदरावर अशा डझनावारी तिल्ल्या एका वेळी लोंबत असतात. या पद्धतीमुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते आणि मागे सुटे धागे राहत नाहीत. जकार्डच्या किंवा यंत्रमागाच्या साडीत नक्षीचे धागे मागच्या बाजूने लांबवर धावतात. ते कापून टाकलेले असतात किंवा बांगडीत अडकू नयेत म्हणून त्यांच्यावर जाळीचे अस्तर लावलेले असते. अंगठीत धागा अडकतो की नाही, ही आमच्या घरातल्या बायकांची जुनी परीक्षा कोणत्याही प्रमाणपत्राइतकीच उपयोगी आहे.

त्यानंतर काठ आणि अंग जेथे मिळतात ती रेषा पाहावी. कडियल प्रकारात तीन धोटे वापरतात, दोन्ही काठांसाठी दोन आणि अंगासाठी एक, आणि प्रत्येक ओळीला ते धागे एकमेकांत अडकवले जातात, त्यामुळे काठाचा रंग अंगात मिसळत नाही. एकधोटी साडीत एकच धोटा काठापासून काठापर्यंत जातो. ताण्याचा म्हणजे उभ्या धाग्यांचा रंग वेगळा आणि बाण्याचा म्हणजे आडव्या धाग्यांचा वेगळा असेल, तर उजेडात साडी हलवताच रंग बदलताना दिसतो, तीच धूपछांव. ही मात्र यंत्रमागावरही साधता येते, म्हणून केवळ तिच्यावर भरवसा ठेवू नये.

एकाच ओळीतले दोन मोर शेजारी ठेवून पाहावेत. हाताच्या कामात चोचीचा बाक किंवा पिसाऱ्याची एखादी पायरी किंचित वेगळी असते. ग्राहक कधी कधी यालाच दोष समजून सवलत मागतात, तेव्हा विणकराने काय बोलावे हा प्रश्नच असतो.

सिल्क मार्क असला, म्हणजे पैठणी अस्सल असते का?

प्रत्येक चिन्ह वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते, हे ध्यानात घ्यावे. २००४ साली सुरू झालेला सिल्क मार्क कापड शुद्ध रेशमाचे आहे एवढेच सांगतो. ते कोणत्या मागावर विणले याविषयी तो काहीच बोलत नाही. २००६ साली आलेले हातमागाचे चिन्ह कापड हातमागावरचे असल्याचे सांगते, परंतु नक्षी हाताने गुंफली की जकार्डने काढली हे त्यावरून कळत नाही. भौगोलिक मानांकन वस्तूचा विशिष्ट प्रदेशाशी आणि पद्धतीशी असलेला संबंध सांगते. जरीची गोष्ट आणखी निराळी आहे: पूर्वी जरीत खरे सोने-चांदी असे, आज बहुतेक जर सुरतेहून येते आणि तिचे चांदीच्या तारेपासून तांब्याच्या तारेपर्यंत अनेक दर्जे असतात. धागा जाळून पाहिल्यास रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो, पण त्या वासावरून साडी कोणी विणली ते समजत नाही. तेव्हा विक्रेत्याला रेशीम कोणते, जर कोणती, माग कोणता आणि नक्षी कशी काढली, हे चार प्रश्न स्वतंत्रपणे विचारून उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. बिलावर लिहायला जो कचरतो, त्याचे उत्तर मिळालेलेच असते.

काठांची आणि रंगांची नावे काय सांगतात?

ती मुख्यतः विणकराच्या आसपासचे जग सांगतात. नारळी काठ, रुईफूल, पानकाठ, पदरावरची असावली म्हणजे फुलांचा वेल, काठावर किंवा पदरात बसलेली पोपटाच्या आकाराची मुनिया, वर्तुळात मोर बसवलेला बांगडी मोर, ही नावे ऐकताच आकृती डोळ्यांसमोर येते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील कमळही पदरावर उतरले आहे. रंगांच्या नावांत तर एक लहानसा शब्दकोशच आहे: लाल काठाची काळी साडी म्हणजे काळी चंद्रकला, पोपटी म्हणजे राघू, शुभ्र पांढरी म्हणजे शिरोदक. विक्रीच्या यादीत ‘राघू’च्या जागी ‘पॅरट ग्रीन’ असे छापले जाते तेव्हा शब्दकोशाचे एक पान गळते. प्रत्येक आकृतीमागे गूढ अर्थ शोधण्याचा अलीकडचा सोस मात्र मला पटत नाही. पुष्कळदा आकृती टिकली ती चौकोनी विणीत ती चांगली बसते म्हणून.

पैठणी एवढी महाग का असते?

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका साडीला पंचेचाळीस दिवस लागले आणि विणकर रोज आठ तास मागावर बसला, तर तीनशे साठ तास होतात. तासाला पंचाहत्तर रुपये धरले तरी केवळ विणणाऱ्याची मजुरी सत्तावीस हजार रुपये होते. यात रेशीम नाही, जर नाही, रंगाई नाही, ताणा तयार करण्याची मजुरी नाही, कांड्या भरणाऱ्या घरातल्या स्त्रीचे श्रम नाहीत आणि दुकानदाराचा नफाही नाही. नक्षीदार पदर दिवसभरात एखाददोन इंचच पुढे सरकतो, आणि अत्यंत भरगच्च साडीला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. आता या हिशेबाशेजारी दुकानातली चिठ्ठी ठेवावी. ‘संपूर्ण हाताने विणलेली’ साडी काही हजारांत मिळत असेल, तर एक तर ती हाताने विणलेली नाही, किंवा कोणाच्या तरी मजुरीवर डल्ला मारलेला आहे.

हा दुसरा पर्याय दुर्मीळ नाही. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार आहेत, त्यांत स्त्रियांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक आहे आणि सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा कमी आहे. पैठणीचा कुशल विणकर या सरासरीपेक्षा बरा असतो, परंतु स्वतःचे भांडवल नसलेला विणकर रेशीम आणि जर शेठकडून घेतो, साडी त्यालाच देतो आणि हातात मजुरीच पडते, ही रचना त्यालाही चुकलेली नाही.

ही कला शिकायला किती काळ लागतो?

साधे कापड विणायला काही महिन्यांत येते. नक्षीचा हात बसायला काही वर्षे लागतात, आणि नेमकी किती हे माणसावर अवलंबून असते.

येवल्यातल्या विणकराच्या घरी शिकण्याला ठरावीक आरंभ नसतो. माग बैठकीच्या खोलीतच खड्ड्यात बसवलेला असतो, मूल त्याच्या शेजारी खेळत वाढते, आधी कांड्या भरते, मग तुटलेली तार सांधायला शिकते. सांधताना गाठ इतकी बारीक हवी की फणीतून जाताना ती अडकू नये. हे एकच काम बोटांना रेशमाची जाडी ओळखायला शिकवते. त्यानंतर ताण्याची हजारो टोके वहीतून, म्हणजे उभे धागे उचलणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीतून, आणि फणीतून क्रमाने ओवणे येते. एक तार चुकली तर साडीभर उभी रेघ पडते आणि ती शोधायला अख्खा दिवस जातो. पुढे काठ, मग लहान बुट्टी, आणि बऱ्याच काळाने पदर. पदराची नक्षी काही जण कागदावर काढून ताण्याखाली ठेवतात, जुने विणकर मात्र धागे मोजून तोंडपाठ विणतात. त्यांना विचारले तर ते ‘हाताला माहीत आहे’ एवढेच सांगतात, आणि ते खरे असते. ते ज्ञान शब्दांत उतरलेलेच नसते. म्हणूनच केवळ चित्रफिती पाहून ही कला येत नाही. धाग्याचा ताण पडद्यावर दिसत नाही, आणि पावसाळ्यात ढिलावलेला ताणा किती कसायचा हे शेजारी बसलेल्या माणसाने आपल्या हातावर हात ठेवूनच सांगावे लागते.

या काळात शिकणाऱ्याचे पोट कोणी भरायचे, हा खरा प्रश्न आहे. पूर्वी ते घर भरत असे, कारण शिकणारा घरचाच होता. घरचा मुलगा महाविद्यालयात गेला आणि बाहेरचा मुलगा शिकायला आला, तर त्याच्या कमाई नसलेल्या दोनतीन वर्षांचा भार उचलायला कोणी पुढे येत नाही. हस्तकलांच्या ऱ्हासाविषयीच्या चर्चांत यंत्रमाग, जागतिकीकरण, बदललेली आवड यांवर पुष्कळ बोलले जाते आणि या साध्या गोष्टीवर फारच कमी.

आमच्या घराण्यात कोणी विणकर नव्हते. आम्हाला शिकता येईल का?

येईल. येवल्यात साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा समाजांकडे हा व्यवसाय परंपरेने होता, परंतु गेल्या काही दशकांत मागणी वाढली तसे इतर समाजांतले लोकही मागावर बसले आणि त्यांतले काही उत्तम विणकर झाले. हात जातीने येत नाही, सरावाने येतो, याचा यापेक्षा वेगळा निर्वाळा नको.

तरीही हा प्रश्न एवढ्यावर संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘पिढ्यानपिढ्या चालत आलेली कला’ हे शब्द ऐकायला गोड लागतात, पण पुष्कळ कलांत पिढ्यानपिढ्या ती करण्यावाचून त्या माणसांना पर्यायच नव्हता. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण पाहावे. कातडे कमावणे, बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात ते मुरवणे, रापीने कापणे, तळ ठोकणे आणि कातड्याच्याच वादीने शिवणे, या प्रत्येक पायरीला असामान्य कसब लागते. परंतु ते कसब ज्यांच्याकडे होते त्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले. त्यांच्या नातवाने हा व्यवसाय नाकारला, तर त्याला परंपरेचा द्रोही म्हणण्याचा अधिकार चप्पल मिरवणाऱ्यांना नाही. कला टिकावी असे वाटत असेल, तर तिच्याशी चिकटलेला अपमान आधी सुटला पाहिजे.

दोन दिवसांच्या कार्यशाळेला काही अर्थ आहे का?

ग्राहक म्हणून अर्थ आहे. मागावर बसून एक वीतभर कापड ज्याने स्वतः विणले आहे, तो पुन्हा किमतीवरून घासाघीस करताना जरा थांबतो. कारागीर घडवण्यासाठी मात्र तिचा उपयोग नाही. प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारची विणकर सेवा केंद्रे आहेत आणि पैठण येथे पैठणी उत्पादनाचे शासकीय केंद्रही चालत आले आहे. कच्छमधील ‘सोमैया कला विद्या’ ही संस्था याहून वेगळ्या वाटेने जाते: तेथे मुळातच कुशल असलेल्या कारागिरांना नक्षीरचना आणि व्यवसाय शिकवतात, म्हणजे तो कोणा डिझायनरच्या हाताखालचा मजूर न राहता स्वतःच्या नावाने माल विकू शकतो. महाराष्ट्रात येवल्याजवळ असे काही व्हावे असे मला फार वाटते.

भौगोलिक मानांकनाने कारागिराला काय मिळाले?

पैठणीला ते २०१० साली मिळाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांना मिळून मिळाले. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला आणि सावंतवाडीच्या गंजिफ्याला २०२४ साली मिळाले. या मानांकनाने नावाचे रक्षण होते. ठरलेल्या प्रदेशाबाहेर केलेल्या वस्तूला ते नाव लावता येत नाही, आणि नाव वापरू इच्छिणाऱ्या कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. ती नोंदणी केलेले थोडे आणि न केलेले पुष्कळ, ही पहिली अडचण आहे. दुसरी अशी की, हे संरक्षण भारतीय कायद्याचे आहे, देशाबाहेर ते आपोआप लागू होत नाही.

जून २०२५ मध्ये इटलीच्या ‘प्राडा’ या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. तेव्हा महाराष्ट्रात मोठा संताप उसळला आणि कंपनीने आपल्याला भारतीय पादत्राणांवरून प्रेरणा मिळाल्याचे मान्य केले. त्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून येथील कारागिरांकडून मर्यादित जोड बनवून घेण्याचे तिने जाहीर केले. मानांकन होते म्हणून लोकांच्या रागाला बोट ठेवायला एक जागा मिळाली. तडजोड घडवली ती मात्र लोकांच्या आवाजाने. त्या मर्यादित जोडांनंतर कारागिरांच्या घरी काय पोहोचते, ते पाहायचे आहे.

सरकारी योजनांचा लाभ विणकराला मिळतो का?

मिळतो, परंतु योजनेचे नाव नीट पाहावे लागते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. तीत प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत कर्ज मिळते. त्या अठरांत चर्मकार, कुंभार, बुरूडकाम करणारे, खेळणी बनवणारे आहेत. हातमाग विणकर नाहीत. त्यांच्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाचा स्वतंत्र हातमाग विकास कार्यक्रम आणि सवलतीच्या व्याजाचे विणकर मुद्रा कर्ज आहे. अर्ज चुकीच्या खिडकीत गेल्यामुळे परतलेला विणकर पुन्हा सहसा येत नाही. रोज ५०० रुपये देण्याची कल्पना योग्य आहे, पण ते विद्यावेतन काही दिवसांच्या प्रशिक्षणापुरते असते, आणि पैठणीला लागतात वर्षे.

परंपरा जपायची म्हणजे जुन्याच आकृत्या करत राहायचे का?

इतिहास तसे सांगत नाही. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे कारागीर होते. संस्थानी काळात शस्त्रांचे काम घटले आणि संगीताला आश्रय मिळाला, तेव्हा त्यांतल्या फरीदसाहेबांसारख्यांनी तंबोरा आणि सतार बनवायला घेतली. पंढरपूर परिसरातील भोपळा त्यांच्या हाती लागला आणि एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला हा बदल आज ‘मिरजेची परंपरा’ म्हणून ओळखला जातो. हिमरूची गंमत तर याहून मोठी आहे. औरंगाबादचे हे वस्त्र किनखाप या महागड्या भरजरी कापडाची स्वस्त नक्कल म्हणून जन्मले, आणि आज त्याचेच माग बोटांवर मोजण्याइतके उरले म्हणून आपण हळहळतो.

बदल कोठे रुतवतो आणि कोठे तारतो हे सावंतवाडीच्या गंजिफ्यावरून दिसते. एकशेवीस पानांचा दशावतारी गंजिफा हा खेळण्याचा डाव होता. खेळ मागे पडला, चित्रकार उरला नाही अशी वेळ आली, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती चित्रकला पुन्हा उभी केली. आज गंजिफा विकत घेणारे बहुतेक जण तो खेळत नाहीत, चौकटीत लावतात. चित्रकला वाचली, खेळ गेला. पैठणीच्या बाबतीत तसे झालेले नाही, कारण लग्नात तिचा वापर अजून चालू आहे. म्हणून तिच्या विणीचे कापड दुपट्ट्यावर, पिशवीवर, जाकिटावर गेले तरी मला त्यात भय वाटत नाही. घोंगडीला मात्र खांद्यावर घेणारा मेंढपाळच कमी झाला, दख्खनी मेंढीची खरखरीत लोकर विकत घेणारा राहिला नाही, आणि चिंचोक्याची खळ लावून विणलेले ते उबदार कापड आज योगासनांची चटई म्हणून विकले जाते. वापर गेला की कलेला नवा वापर शोधावाच लागतो, मग तो कितीही विचित्र वाटो.

संगणकावर नक्षी काढली तर?

काढावी. कागदाची जागा पडद्याने घेतली तर विणीत फरक पडत नाही. फक्त नक्षी करणाऱ्याला ताण्याच्या तारा मोजता आल्या पाहिजेत. नाही तर पडद्यावर सुरेख दिसणारी वेलबुट्टी मागावर पायऱ्यापायऱ्यांची होते आणि विणकर ती मनातल्या मनात दुरुस्त करत बसतो, त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.

घरातली जुनी पैठणी कशी जपावी?

ती टांगून ठेवू नये. जरीच्या वजनाने कापड ताणले जाऊन विरते. धुतलेल्या मऊ सुती कापडात किंवा मलमलीत गुंडाळून ठेवावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. दर दोनतीन महिन्यांनी उलगडून सावलीत वारा द्यावा आणि घडी मोडून दुसऱ्या जागी घालावी, कारण त्याच त्या घडीवर रेशीम तुटते. अत्तर किंवा फवारा साडी नेसण्याआधी अंगाला लावावा, साडीवर मारू नये, त्याने जर काळवंडते. डांबराच्या गोळ्या जरीला लागतील अशा ठेवू नयेत. जुनी जर खरी चांदीची असल्याने एके काळी अशा साड्या दारावर येणाऱ्या फेरीवाल्यांना देऊन भांडी घेतली जात, आणि ती साडी जाळून चांदी काढली जाई. अशा किती नमुन्यांची राख झाली असेल त्याची गणती नाही. नेसण्याच्या पलीकडे गेलेली साडीही पदर आणि काठ यांसाठी ठेवावी. येवल्याचे काही विणकर जुना नमुना पाहून तसाच विणून देतात, आणि त्यांच्यासाठी तुमच्या कपाटातला पदर हाच मूळ ग्रंथ असतो.

परदेशातून पैठणी मागवायची असल्यास काय करावे?

संकेतस्थळावरच्या छायाचित्रावर निर्णय घेऊ नये. मागच्या बाजूचे छायाचित्र आणि शक्य असल्यास माग चालू असतानाची लहानशी चित्रफीत मागावी. लग्नासाठी हवी असेल तर किमान सहा महिने आधी सांगावे. घाईची मागणी हाताने विणून पुरवता येत नाही, आणि विक्रेता ‘आठ दिवसांत पाठवतो’ म्हणाला तर ती तयार साडी आहे असे समजावे, ते वाईट नाही, फक्त खास तुमच्यासाठी विणलेली ती नसेल.

विणकरांच्या घरी जाऊन माग पाहता येतो का?

येतो. येवल्यात अनेक घरांत माग दारातूनच दिसतो आणि लोक आपुलकीने आत बोलावतात. ते घर आहे, दालन नव्हे, एवढे लक्षात ठेवून चपला बाहेर काढाव्यात आणि ताण्याला हात लावण्याआधी विचारावे. घामाच्या बोटांचा डाग रेशमावर राहतो. मागावर नवी नक्षी चालू असेल तर विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये, कारण ती साडी पूर्ण होण्याआधीच तिची यंत्रमागावरची नक्कल बाजारात आल्याचे प्रसंग विणकर सांगतात. आणि विणकर पदराची ओळ मोजत असेल तर ती संपेपर्यंत त्याच्याशी बोलू नये.